हळद, कुंकू, रिबिल्ड

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते. घाटकोपरच्या चाळीत वाढले, आई मालवणची, आमच्या घरात "जेवलीस काय" हेसुद्धा भांडल्यासारखं विचारतात. त्या दिवशी मी ज्याला जे बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वेळच तशी आली होती.

आमचं ऑफिस मालाडला, मार्वे रोडवर, एका मेडिकलच्या दुकानाच्या वर. मालक हर्षद, पण मालक म्हणण्यासारखं काही नाही, चहाचे कप तोच विसळतो. मच्छीमार बोटींवर आम्ही एक पेटी बसवतो. बोट कुठे आहे ते पेटी थोड्याथोड्या वेळाने कळवत राहते. पेटीवर एक लाल बटण असतं, ते दाबलं की संकटाचा निरोप येतो, जागेसकट. हे सगळे निरोप येतात आमच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीतला एक काळा डबा, लिनक्सवर चालणारा, आणि त्याची देखभाल माझ्याकडे, म्हणजे अनुपमा परबकडे.

स्क्रीनवर बोटी बघायचं काम नमिताचं. ती मढच्या कोळीवाड्यातली. नवरा परेश आणि सासरा महादू, दोघंही समुद्रावर. महादू तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याच्या बोटीचं नाव 'शेवंती', त्याच्या आईचं. म्हणजे नमिता दिवसभर दुसऱ्यांच्या बोटी बघायची आणि एक डोळा स्वतःच्या घरावर ठेवायची.

दसरा होऊन जेमतेम आठवडा झाला असेल. आदल्या दिवशी वाऱ्याचा इशारा आला, बोटी माघारी फिरल्या. सकाळपर्यंत सगळ्या बंदराला लागल्या. शेवंती नाही लागली.

"वाटेत आहे गं," नमिता बोलली. "हे बघ, हिरवी आहे."

मी स्क्रीनकडे बघितलं. शेवंतीचा ठिपका हिरवा होता, आणि त्याच्या आजूबाजूला अजून बरेच ठिपके होते. मी एकेक नाव वाचायला लागले. ज्या बोटी बंदरात नांगर टाकून उभ्या होत्या, ज्यांचे खलाशी घरी जाऊन झोपले होते, त्यासुद्धा आमच्या स्क्रीनवर अजून भर समुद्रात होत्या. स्क्रीन पहाटेच गोठली होती. आम्ही सकाळभर एक जुनं चित्र बघत बसलो होतो.

नमिताला कळलं. ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

हर्षद धावत मागच्या खोलीकडे निघाला. "रिस्टार्ट मारतो." त्याचं बोट बटणापर्यंत पोचलं होतं, तेवढ्यात मी त्याच्या हातावर फटका मारला.

"हात लावलास ना, तर तोडून ठेवीन. आधी बघू दे मला."

बघितलं ते असं होतं. सर्व्हरची मुख्य डिस्क आजारी पडली होती. वाचू देत होती, पण तिच्यावर काही लिहू देत नव्हती. आमचा प्रोग्रॅम निरोप घ्यायचा आणि डिस्कवर लिहायचा. पहाटे तो लिहायला गेला, डिस्कने नाही म्हटलं, आणि तो जागच्या जागी अडकला. मारायला गेलं तरी मरत नव्हता. पण निरोप यायचे थांबले नव्हते. ते येत होते आणि कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या अगदी आतल्या गाभ्याकडे, मेमरीत साठत होते. पोस्टमनने पत्रं दारातून आत टाकावीत आणि घरातला माणूस त्याच दाराला टेकून बेशुद्ध पडलेला असावा, तसं.

"म्हणजे परेशने काही पाठवलं असेल तर..." नमिता दारात उभी होती.

"तर ते या डब्यात आहे. वीज गेली, रिस्टार्ट झालं, की संपलं. मेमरी कोरी."

हर्षदने तटरक्षक दलाला फोन लावला होता. ते बिचारे आधीच निघाले होते, पण कुठे बघणार? आम्ही पहाटेचा ठिपका दिला होता. तिथे पाणी सोडून काही नव्हतं. त्यांना नवी जागा हवी होती, आणि वारा वाढत चालला होता.

एवढ्यात मथुरामावशी आली. मथुरा म्हणजे महादूची बायको, नमिताची सासू, मढच्या बाजारात मासळी विकते. टोपली तशीच सोडून रिक्षाने आली होती. कोणी बस म्हटलं नाही, तीच नमिताच्या खुर्चीवर बसली.

"पोरी," मला बोलली, "माजा घोव नि माजा पोर कुठं हाय ता या डब्याला ठाव हाय, असा नमी बोलते. मंग काढ ना भायेर."

"काढते, मावशी."

असं बोलून गेले. कसं काढणार होते, देव जाणे.

एक वाट होती, एकच. लिनक्समध्ये क्रॅश डंप म्हणून एक सोय असते. थोडी मेमरी आधीपासून बाजूला राखून ठेवलेली असते आणि तिच्यात एक छोटा, दुसरा कर्नल झोपवून ठेवलेला असतो. मोठा कर्नल कोसळला की हा छोटा उठतो, मेलेल्याच्या मेमरीची पूर्ण नक्कल डिस्कवर उतरवतो. त्या छोट्याला स्वतःचं एक गाठोडं लागतं. कुठल्या डिस्कवर लिहायचं, कशाने लिहायचं, सगळं त्यात बांधून दिलेलं. आमच्या डब्यात मुख्य डिस्क वरच्या खाचेत आणि एक जादा डिस्क खालच्या खाचेत होती. नक्कल खालच्या डिस्कवर उतरायची, असं ठरलेलं.

"म्हणजे चालू मशीन आपणच मारायचं?" हर्षदने विचारलं.

"हो. आणि एकदाच. दुसऱ्यांदा मारायला काही उरत नाही."

"मग कर ना, यार. वाट कसली बघतेस?"

डंपचं टूल उघडून विचारलं, तयार आहेस का. ते बोललं, सगळं तयार आहे, काही बदललेलं नाही. मी क्रॅशची कमांड टाइप केली. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. पण मशीन मारण्याआधी मी एकदा त्याचं तोंड बघून येते, ही माझी खोड आहे. हर्षद मागून ओरडत होता, तरी मी उठले आणि मागच्या खोलीत गेले.

कपाटावर दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळून लोंबत होतं. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. आणि लाल दिवा लागला होता खालच्या खाचेत.

मी तिथेच उभी राहिले. खालची डिस्क जादाची. तिला काय झालं? आजारी तर मुख्य डिस्क आहे, आणि मुख्य वर असते. वाकून नीट बघितलं. खाचेच्या आतल्या कडेला, जिथे बाहेरून बोटच पोचत नाही, तिथेही कुंकू होतं.

"डिस्क कोणी काढल्या होत्या?"

मला वाटलं मी हळू विचारलं. पण हर्षद सांगतो, खालच्या मेडिकलवाल्यालाही ऐकू गेलं.

"मी," नमिता बोलली. "खंडेनवमीला. मशीन बंद होतं ना पूजेसाठी. आमच्याकडे बोटीच्या इंजिनाचे सुटे भाग काढून पुसतात, तेव्हा कुठे पूजा. वरवर बोट लावून काय उपयोग, म्हणून मी दोन्ही काढल्या, पुसल्या, कुंकू लावलं, परत घातल्या." ती थांबली. "सारख्याच दिसतात गं त्या."

अदलाबदल झाली होती, मुख्य डिस्क खाली आणि जादाची वर. लिनक्स स्वतः डिस्कला तिच्या आतल्या नावावरून ओळखतं, म्हणून पूजेनंतर मशीन काही कुरकुर न करता सुरू झालं. कोणाला काही कळलं नाही. पण डंपचं गाठोडं बांधणाऱ्या माणसाने त्यात खाचेचा पत्ता लिहिला होता. तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला. त्याच्या नावाने मी जे बोलले ते मथुरामावशीसमोर बोलायला नको होतं. मी एंटर दाबलं असतं, तर सगळी नक्कल मरत्या डिस्कवर लिहायला गेली असती, आणि परेश, महादू, सगळे तिथेच संपले असते.

मावशीने नमिताकडे बघितलं. नुसतं बघितलं. नमिता भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"आता काय?" हर्षद.

"आता गाठोडं नव्याने बांधायचं."

बोलायला सोपं. ते टूल म्हणजे अडेलतट्टू. गाठोडं नवं बांधायचं की नाही, हे ते स्वतःच ठरवतं. सेटिंगच्या फाइलची तारीख बदलली असेल तर बांधतं, नाहीतर बोलतं, काही बदललेलं नाही. सगळ्या दुनियेत लोक काय करतात, फाइलला नुसता हात लावून तारीख बदलतात आणि टूलला फसवतात. पण आमची डिस्क लिहू देत नव्हती. तारीख म्हणजेसुद्धा लिहिणंच. मी पुन्हापुन्हा करून बघितलं. टूल प्रत्येक वेळी तेच बोललं. काही बदललेलं नाही. मला त्या वेळी ते टूल माणूस असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, निदान दोन कानाखाली मारता आल्या असत्या.

मी कीबोर्डवर डोकं टेकलं आणि रडले, खरं सांगते. नमिताच्या समोर, मावशीच्या समोर. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग मावशीचा आवाज आला. "तो ऐकत नाय ना, मंग तुमी त्याला ऐकाया लावा."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. टूल म्हणजे काय, शेवटी एक साधी लिहिलेली फाइल. ओळीखाली ओळी. डिस्कवर ती बदलता येत नाही, पण मेमरीत तिची नक्कल काढून बदलता येते. त्याला फसवायचं कशाला, सरळ हुकूमच शिकवायचा. मी फाइल मेमरीत उतरवली आणि तिच्यात एक नवी कमांड घातली, रिबिल्ड. रिबिल्ड म्हटलं की तारीख बघू नकोस, काय बदललं ते विचारू नकोस, अक्कल चालवू नकोस. गाठोडं उचल आणि नव्याने बांध. खाचेचा पत्ता काढून मी जादा डिस्कचं नाव घातलं.

पहिल्यांदा चालवलं आणि ते मध्येच कोसळलं. गाठोडं बांधताना पसारा मांडायला त्याला जागा लागते, आणि ते सवयीने त्याच आजारी डिस्कवर पसारा मांडायला गेलं. हर्षद फोनवर कोणाला तरी सांगत होता, देतो साहेब, देतो, दोन मिनिटं. तेच तो बराच वेळ सांगत होता.

"हर्षद, फोन ठेव आणि गप बस. तुझं ते दोन मिनिटं ऐकून माझं डोकं उठलंय."

पसाऱ्याची जागाही मेमरीत दिली. परत रिबिल्ड. या वेळी ते चालत राहिलं. ओळी सरकत होत्या. नमिता जमिनीवरून उठली नव्हती, तिथूनच माझ्या तोंडाकडे बघत होती, स्क्रीनकडे नाही. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते, पुन्हा कशाला लागायला नकोत म्हणून असावं.

गाठोडं बांधून झालं. छोट्या कर्नलच्या हातात दिलं. मी ते परत उघडून आतलं नाव वाचलं, परत वाचलं, मागच्या खोलीत जाऊन लाल दिवा बघून आले, आणि परत वाचलं.

"मारू?" मी कोणाला विचारलं ठाऊक नाही.

"मार," मावशी बोलली.

मी एंटर दाबलं. स्क्रीन जागच्या जागी थिजली. काही नाही. मला वाटलं गेलं, सगळं गेलं, मी मारलं त्यांना. मग खालून एक ओळ उमटली, मग दुसरी, आणि टक्के मोजायला सुरुवात झाली. तो छोटा उठला होता. आम्ही चौघंही त्या आकड्याकडे बघत होतो. मध्ये एकदा आकडा थांबला, तेव्हा हर्षद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग आकडा परत चालायला लागला.

नक्कल पूर्ण झाली. मी जादा डिस्क खाचेतून ओढून काढली, कुंकवासकट, आणि माझ्या मशीनला लावली. मग शेवंतीच्या पेटीचा नंबर शोधायला टाकला.

एक निरोप असेल असं मला वाटलं होतं. ओळींवर ओळी येत गेल्या. परेशने बटण एकदा दाबून सोडलं नव्हतं. तो सकाळपासून दाबत होता. प्रत्येक निरोप आला होता, प्रत्येक निरोपात जागा होती, आणि प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा थोडी दक्षिणेला होती. सगळे निरोप आमच्या मागच्या खोलीत, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर पडून होते. आणि आम्ही हिरवा ठिपका बघत होतो.

शेवटची जागा पहाटेच्या ठिपक्यापासून खूप लांब होती. हर्षदने ती फोनवर सांगितली. अंश, मिनिटं सांगताना तो आकडे चुकायला लागला, म्हणून मी फोन हिसकावून घेतला आणि परत सांगितली.

उन्हं कलायच्या सुमाराला फोन आला. बोट नव्हती, पण माणसं होती. डिझेलचे रिकामे कॅन दोरीने एकत्र बांधून त्यांना धरून होती. परेश होता. खलाशी होते. महादू नव्हता.

परेशने किनाऱ्यावर आल्यावर आईला एवढंच सांगितलं, "बाबा दुपारपर्यंत व्हता."

दुपारपर्यंत. दुपारी मी काय करत होते, ते मला नीट आठवतं. दुपारी ते टूल मला सांगत होतं, काही बदललेलं नाही.

नंतर मी ती रिबिल्डची कमांड नीट लिहून काढली आणि ते टूल जे लोक सांभाळतात त्यांना पाठवली. त्यांच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, याची गरज काय, फाइलची तारीख बदलून काम होतंच की. मी चार वेगवेगळी उत्तरं लिहिली, चारही शिव्यांनी भरलेली. सगळी पुसली. शेवटी लिहिलं, कधीकधी तारीख बदलता येत नाही. त्यांनी कमांड घेतली.

नमिताने नोकरी सोडली नाही. सोडशील का, असं मी एकदा विचारलं, तर बोलली, मग स्क्रीन कोण बघणार. मावशीने घरी तिला त्या डिस्कबद्दल एक शब्द विचारला नव्हता. नमिता सांगायची, आई बोलत नाहीत म्हणूनच झोप येत नाही गं. एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षभर ती हे सांगत राहिली.

यंदा खंडेनवमीला हर्षद बोलला, सर्व्हरची पूजा नको, राहू दे. मीही मान हलवली. नमिताने टेबलावर हळदकुंकवाचं ताट आणि झेंडूची फुलं ठेवली आणि मागच्या खोलीकडे पाठ करून बसली.

आणि मथुरामावशी आली. बोलावलं नव्हतं कोणी. कपाळ मोकळं, हातात पिशवी. ती सरळ मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, पूजेच्या ताटापासून लांब, आता ती ताटाला हात लावत नाही.

"नमे," ती बोलली. "मशीन बंद करून घे. काढ त्या."

"आई, नको."

"काढ. नीट पूस. हत्यारं हायत ती."

नमिताने काढल्या. मी मदतीला पुढे झाले, पण मावशीने डोळ्यानेच मला थांबवलं. डिस्कवर आता मी मोठ्या अक्षरांत वर आणि खाली असं लिहून ठेवलेलं आहे. नमिताने पुसल्या, हळद लावली, कुंकू लावलं, वरची वर घातली, खालची खाली घातली. मग मशीन चालू केलं.

"आता तो तुमचा काय हाय तो. तो पन कर."

मी टर्मिनल उघडून रिबिल्ड टाइप केलं. एंटर दाबणार तेवढ्यात नमिताने माझा हात धरला.

"आई, तुम्ही दाबा."

मावशी पुढे आली. बोट पदराला पुसलं, मी दाखवलेल्या जागी ठेवलं आणि दाबलं. ओळी सरकायला लागल्या. ती त्या ओळींकडे बघत उभी राहिली, वाचता येत नसलं तरी. नमिता तिच्या शेजारी होती. मावशीने न बघताच तिचा हात घेतला, हळदीने माखलेला, आणि आपल्या हातात ठेवला.

ओळी थांबल्या.

"झाला काय?"

"झालं, मावशी."

"मंग आता कोनी बटन दाबला, त आयकू येल ना?"

नमिताने सांगितलं, "येईल, आई."